फुलीपाशी सही

"कुठं करू सही?" अण्णांनी विचारलं.

"जिथं जिथं फुली दिसेल तिथं," मी म्हणालो.

पेन्सिलीनं बारीक फुल्या मीच मारून ठेवल्या होत्या. चार पानांचा फॉर्म, पाच फुल्या. विमा कंपनीत माझी तोवर बावीस वर्षं झाली होती आणि सह्या घेण्यात माझा हात धरणारा आमच्या सांगलीच्या ऑफिसात कुणी नव्हता. गिऱ्हाइकाच्या हातात कागद वाचायला दिला की ते शंका काढत बसतं, फुली दाखवली की मुकाट्यानं सही करतं, हे मला पहिल्याच महिन्यात साहेबांनी शिकवलं होतं. तेव्हापासून मी हजारो माणसांना फुल्या दाखवल्या. त्या दिवशी मिरजेच्या त्या दवाखान्यात, खाटेवर उशीला टेकून बसलेल्या माझ्या बापाला दाखवल्या.

अण्णांनी चष्मा लावला. फॉर्म इंग्रजीत होता, पण औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. बोट ठेवून ते पहिली ओळ वाचायला लागले.

"वाचताय काय अण्णा? सगळ्या दवाखान्यांत हाच कागद असतो."

"काय काय लिवलंय यात?"

"नेहमीचंच. भूल दिल्यावर काही कमीजास्त झालं तर दवाखाना जबाबदार नाही, वगैरे."

"आन् ऑपरेशन कसलं लिवलंय?"

"काल सांगितलं ना. लघवीची वाट अडलीय, ती मोकळी करायची."

"व्हय, सांगितलंस खरं." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पाचही फुल्यांपाशी 'ह. बि. यमगर' अशी ठसठशीत सही केली. ऑपरेशनचं नाव डॉक्टरांनी हातानं लिहिलं होतं, ते अक्षर तसंही कुणाला लागलं नसतं. मला ते लागत होतं, कारण ते काय आहे हे मला माहीत होतं. मी अण्णांशी खोटं बोललो होतो.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. आटपाडीकडच्या गुरांच्या दवाखान्यांत त्यांनी तेहेतीस वर्षं नोकरी केली. हुद्द्याचं नाव पशुधन पर्यवेक्षक, पण सगळा मुलूख त्यांना यमगर डॉक्टरच म्हणायचा. लसी टोचणं, अडलेली गाय सोडवणं, गोऱ्हे खच्ची करणं, सगळं तेच करायचे. आई गेल्यापासून सहा वर्षं गावातल्या घरात एकटे राहत होते, स्वतःची भाकरी स्वतः थापत होते. कंबर दुखते म्हणून वर्षभर तेल चोळत बसले. लघवी तासन्‌तास उतरत नाही हे तर त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. गावच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली तेव्हा कुठं माझ्याकडे सांगलीला आले. रक्त तपासलं, सुईनं तुकडा काढून तपासला, हाडांचा स्कॅन झाला आणि मिरजेच्या डॉ. मगदूमांनी मला एकट्याला आत बोलावलं. अण्णा बाहेर बाकावर केळं खात बसले होते.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "ही प्रोस्टेट. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असते, सुपारीपेक्षा थोडी मोठी. कॅन्सर हिच्यात सुरू झाला आणि आता कण्यात आणि कमरेच्या हाडांत गेलाय. त्यांची कंबर दुखते ती त्यानं. त्यामुळे ही ग्रंथी काढून आता उपयोग नाही."

"म्हणजे संपलंच?"

"नाही हो! हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. ते हार्मोन तोडलं की आवरतो. बरा होत नाही, पण आवरतो. कुणाला दोन वर्षं मिळतात, कुणाला सात-आठ."

"आणि तोडायचं कसं?"

"दोन रस्ते आहेत. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, ते कायम घ्यायचं. नाहीतर एक छोटं ऑपरेशन, दोन्ही वृषणं काढून टाकायची. हार्मोन मुख्यतः तिथंच तयार होतं. गुण दोन्हींचा सारखा, त्रासही बराचसा सारखा. अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, घाम येतो, अशक्तपणा येतो, हाडं ठिसूळ होतात, इच्छा जाते. फरक इतकाच की इंजेक्शन थांबवता येतं, ऑपरेशन परत फिरवता येत नाही. म्हणून हे त्यांनीच ठरवायचं. बोलावू का त्यांना आत?"

"नको, नको. मी सांगतो. तुमच्यासमोर बुजतील ते."

अण्णा आयुष्यात कुणासमोर बुजले नव्हते. कलेक्टरच्या व्यालेल्या म्हशीची वार अडकली तेव्हा त्यांनी कलेक्टरलाच कंदील धरायला लावला होता. बुजत होतो तो मी.

बाहेर येऊन मी नळावर तोंड धुतलं आणि वाक्य जुळवायला लागलो. डॉक्टरांचा 'वृषण' हा शब्द शाळेच्या पुस्तकातला, तो बापाशी बोलताना वापरला असता तर मलाच हसू आलं असतं. आमच्या गावात जो शब्द आहे तो भांडणात वापरतात. तिसरा मला माहीत नव्हता. आमच्या घरात बाप आणि मुलगा पाऊस, पीक, नोकरी आणि कुणाचं लग्न ठरलं एवढ्यावर बोलतात. अंगावरच्या अशा जागांबद्दल माझं अण्णांशी बेचाळीस वर्षांत एक अक्षरही बोलणं झालेलं नव्हतं.

मग तोंड पुसता पुसता मी हिशेब मांडला. अण्णा गावाला, मी सांगलीत. दर तीन महिन्यांनी त्यांना आणायचं, दोन दिवसांची रजा, आणि एखादं इंजेक्शन चुकलं की सगळं मुसळ केरात. ऑपरेशन एकदा केलं की उरकलं. आणि आई जाऊन सहा वर्षं झाली, वय एकाहत्तर, आता त्यांना त्याचं काय? हे शेवटचं वाक्य मी मनातल्या मनात अगदी याच शब्दांत म्हणालो. लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो.

बाकावर जाऊन बसलो. अण्णांनी केळ्याची साल घडी घालून हातात धरली होती.

"काय म्हणलं डॉक्टर?"

"गाठ आहे."

"वाईट?"

मी रिपोर्टांच्या फाइलीची दोरी बांधायला लागलो.

"कॅन्सर हाय का?"

"तसंच म्हणा. पण आवरतो म्हणाले. सात-आठ वर्षं काही होत नाही म्हणाले."

दोन वर्षांचं मी गिळून टाकलं. अण्णा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग आता करायचं काय?"

हीच ती वेळ होती. त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. पलीकडे एक बाई बाळाला घेऊन बसली होती, तिच्याकडे बघत मी म्हणालो, "छोटं ऑपरेशन. लघवीची वाट मोकळी करतात. बाकी मग गोळ्या वगैरे."

"तू नीट ऐकून घेतलंस नव्हं सगळं?"

"घेतलं."

"मग झालं तर," असं म्हणून ते साल टाकायला डबा शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुल्या मारल्या आणि त्यांनी सह्या केल्या. राउंडला आलेल्या डॉ. मगदूमांनी खाटेशी उभं राहून विचारलं, "अण्णा, मुलानं सगळं सांगितलंय ना? तुमची तयारी आहे ना?" मी डॉक्टरांच्या मागे उभा होतो. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलंय."

"काही शंका?"

"न्हाई. पोरगं शिकल्यालं हाय माझं."

कमरेखाली बधिर करून, छातीवर पडदा लावून ऑपरेशन झालं. तास-पाऊण तास लागला असेल. मी खाली जाऊन चहा प्यायलो आणि बायकोला, शैलाला, फोन करून "उरकलं" म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांना माहितीये ना नक्की काय करतायत ते?" मी म्हणालो, "अगं, त्यांना काय करायचंय खोलात जाऊन." मला तिचा रागच आला. सगळी धावपळ मी करायची आणि वर यांचे प्रश्न!

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सिस्टर ड्रेसिंग बदलायला आली. तिनं पडदा ओढला तसा मी बाहेर गेलो. वॉर्डाच्या दारात उभा राहून कुणाचा तरी कालचा पेपर वाचला. ती ट्रे घेऊन बाहेर पडली तेव्हा मी आत गेलो. अण्णा पाय सोडून खाटेच्या कडेला बसले होते. चादर कमरेपर्यंत नीट ओढून घेतलेली. दोन्ही तळवे मांडीवर.

"बस," ते म्हणाले.

मी स्टुलावर बसलो.

"कुणी ठरवलं हे?"

"काय, अण्णा?"

"बिरू." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेहेतीस वर्सं म्या हेच काम केलंय. माझ्याच अंगावरचं मला कळंना व्हय?"

मग मी बोलत सुटलो. डॉक्टरांनीच सांगितलं, हाच उपाय होता, दुसरा होता पण त्यात दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, फार खेपा होत्या, तुम्हाला उगाच मनस्ताप नको म्हणून मी, वगैरे वगैरे. विम्याच्या गिऱ्हाइकाला पॉलिसी बुडाल्यावर समजावतात तसा मी त्यांना समजावत होतो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

"कॅन्सर त्या रसावर वाढतोय, असंच ना?" ते म्हणाले.

"हो."

"म्हंजी रस तोडला की त्याचा खुराक तुटतो."

"हो, डॉक्टर अगदी असंच म्हणाले."

"मग ह्ये मला सांगाय किती येळ लागला असता तुला?"

मी स्टूल जरा मागं सरकवलं.

"अर्दं मिनिट," तेच म्हणाले. "बाकीच्यांस्नी समजाय येळ लागला असता, पर मला अर्दं मिनिट. खच्ची केल्याला बैल म्या जन्मभर बघितलाय. कसा निवतो, कसा अंग धरतो, सगळं ठावं हाय. साऱ्या वॉर्डात ह्ये समजंल असा म्या एकटा हुतो, आन् मलाच सांगितलं न्हाईस."

पलीकडच्या खाटेवरचा माणूस रेडिओची बटणं फिरवत होता. अण्णांनी तिकडं पाहिलं.

"दवाखान्यात कुणाचं पोरगं गोऱ्हा घिऊन आलं खच्चीला, तर म्या हात लावत नव्हतो. म्हणायचो, मालकाला घिऊन ये. माणसं रागवायची. दोन-दोन कोस चालत आल्याली. म्हणायची, आवं डॉक्टर, बाप शेतात हाय, मीच सांगतो की. पर न्हाई. एकदा केलं की माघारी येत न्हाई ते. मालकाच्या तोंडातनं 'व्हय' आल्याबिगर म्या चिमटा लावला न्हाई कधी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझा मालक कोण हुता रं, बिरू?"

मी रडायला हवं होतं. निदान पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"का म्हणून? दर तीन म्हयन्याला सुई टोचून घ्यायला कोण येतंय हितं? इचारलं असतंस तर ह्येच कर म्हणलो असतो."

आणि इथं मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. फुल्या मारल्या त्यापेक्षाही मोठी. माझ्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं आणि मी चक्क हसलो. म्हणालो, "मग अण्णा, तेच तर झालं की!"

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, ते मिटलं. राग असता तर मी ओळखला असता, त्यांचे राग मला लहानपणापासून पाठ होते. त्यांनी सावकाश पाय वर घेतले. मी आधाराला हात पुढे केला, तर तोही त्यांनी धरला. आडवे झाले.

"व्हय," ते म्हणाले, "तेच झालं."

ऑपरेशनचा गुण आला. तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासणीतला आकडा इतका खाली आला की डॉ. मगदूमांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कंबर दुखायची थांबली. अण्णांना अधूनमधून अंगातून वाफा यायच्या, तेव्हा ते सदऱ्याची बटणं काढून पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचे. वजन वाढलं, चेहरा गुळगुळीत झाला. मी चारचौघांत सांगायचो, बघा, वेळेवर निर्णय घेतला म्हणून.

गावचं घर बंद करून सांगलीला या म्हटलं, तर "तू म्हणशील तसं" म्हणाले आणि आले. मी सहा वर्षं हेच म्हणत होतो आणि सहा वर्षं ते मला उडवून लावत होते, त्यामुळे मला जिंकल्यासारखं वाटलं. दाढी आज करायची की उद्या, चपाती की भाकरी, मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा आधी काढायचा, सगळ्याला एकच उत्तर, "तू म्हणशील तसं." शैला एकदा म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही का? ते स्वतःचं काही सांगतच नाहीत हो आता." मी म्हणालो, वय झालं की माणूस निवळतो. बाहेर मी असं म्हणायचो. आत मला कळत होतं. किती वेळा माफी मागायची म्हणून त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं ते "गोळी घेतली का?"

साडेचार वर्षांनी आकडा पुन्हा चढायला लागला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पुढे पुढे हा कॅन्सर हार्मोनशिवायही वाढायला शिकतो. गोळ्या बदलल्या, हाडांसाठी सलाइनमधून औषध दिलं, दुखणाऱ्या मणक्यावर शेक म्हणजे रेडिएशन दिलं. दर वेळी काय, का आणि कशासाठी ते मी आता त्यांना खुर्ची ओढून सविस्तर सांगायचो, चित्रं काढून दाखवायचो. ते नीट ऐकून घ्यायचे. शेवटी विचारायचो, "मग अण्णा, करायचं का?" आणि ते म्हणायचे, "तू म्हणशील तसं."

शेवटच्या पंधरवड्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. हाडांत कॅन्सर पसरला की काय होतं ते मी लिहीत नाही. खाटेला धक्का लागला तरी त्यांचे ओठ पांढरे पडायचे. पण कण्हणं नाही की कुरकुर नाही. मॉर्फिन सुरू करायचं ठरलं तेव्हा एक तरुण सिस्टर कागद लावलेली पाटी घेऊन आली.

"आजोबा, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता किती दुखतंय? आकडा सांगा फक्त."

अण्णांनी डोळे उघडले. बोट उचलून माझ्याकडे दाखवलं.

"त्येला इचारा."

सिस्टर हसली. "अहो आजोबा, दुखतंय तुम्हाला. त्यांना कसं कळणार?"

"सांगंल त्यो. त्योच सांगतो माझं समदं."

त्यात टोमणा नव्हता. मी कान लावून शोधला. टोमणा असता तर मी त्याला धरून काहीतरी बोललो असतो.

"अण्णा," मी वाकून म्हणालो. "पाया पडतो तुमच्या. किती दुखतंय ते तुम्हीच सांगा. मला नाही कळत. माझं चुकलं, अण्णा. तेव्हा विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं."

इतक्या वर्षांनी हे माझ्या तोंडून निघालं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. हात उचलायचा प्रयत्न केला असं मला वाटलं, पण तो चादरीवरच राहिला. मग कळ आली असावी. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि पुन्हा काही बोलले नाहीत.

सिस्टरनं घड्याळ पाहिलं. "काका, डोस त्याच्यावरच ठरतो हो. डॉक्टर थांबलेत. काय लिहू?"

मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, मिटलेल्या मुठीकडे पाहिलं, चादरीखाली थरथरणाऱ्या पायाकडे पाहिलं.

"सात," मी म्हणालो.

तिनं सात लिहिलं आणि ती गेली. ते सात होते की दहा, मला अजून माहीत नाही.